रुमालाला लाटा का येतात, आणि क्रोशे चौघींत बसून का करावं

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी ते आधी मांडते. तुम्ही सांगलीच्या, बँकेत नोकरीला. दोन महिने मोबाइलवर व्हिडिओ बघून क्रोशे शिकताय. टीपॉयवर घालायला पहिला गोल रुमाल केलात, तो सपाट बसेना. कडेला कोबीच्या पानासारख्या लाटा आल्या. त्यावर सासूबाई म्हणाल्या, "दीडशे रुपयांना बाजारात मिळतो, कशाला डोळे फोडून घेतेस?" आणि शेवटची ओळ तुम्ही जरा दबकतच लिहिली आहे: संध्याकाळी खोलीत एकटीने बसून विणायचा कंटाळा यायला लागलाय, मग हा छंद माझ्यासाठी नाहीच का?

मी गेली पस्तीस वर्षं विणते आहे, त्यातली बावीस वर्षं शिकवतेही. रुमालापासून सुरू करते, कारण त्याचं उत्तर सोपं आहे.

तुमचा हात चांगला आहे. फोटोत खांब, म्हणजे सुईवर वेढा घेऊन घातलेले उंच टाके, एकसारख्या उंचीचे दिसतात, दोरा कुठे सैल, कुठे घट्ट झालेला नाही. चुकलाय तो हिशेब. तुम्ही लिहिलंय की मधल्या कड्यात बारा खांब घातले, पुढच्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन-दोन घालून चोवीस केले आणि पुढेही तसंच चालू ठेवलं. म्हणजे अठ्ठेचाळीस, मग शहाण्णव. सपाट गोलाला इतकी वाढ सोसत नाही. त्याला प्रत्येक फेरीत सारखीच भर लागते: १२, २४, ३६, ४८, ६०. तिसऱ्या फेरीत एका खांबावर दोन, पुढच्यावर एक. चौथ्या फेरीत एकावर दोन, पुढच्या दोन खांबांवर एकेक. असं मधलं अंतर एकेका खांबाने वाढवत न्यायचं. फेरीच्या सुरुवातीला घालता त्या तीन साखळ्या म्हणजे पहिला खांब, तो मोजायला विसरू नका. निम्म्या जणींचा हिशेब तिथेच घसरतो.

मुक्या खांबाने, म्हणजे वेढा न घेता घातलेल्या बुटक्या टाक्याने विणलं, तर हाच हिशेब सहाचा होतो: ६, १२, १८, २४. याचं कारण कळलं की आकडे पाठ करावे लागत नाहीत. मुका खांब जवळजवळ जेवढा रुंद तेवढाच उंच असतो. एका फेरीने त्रिज्या एका टाक्याएवढी वाढली की परीघ सव्वासहा टाक्यांनी वाढतो. शाळेत घोकलेलं 'दोन पाय आर' ते हेच. खांब मुक्या खांबाच्या साधारण दुप्पट उंच, म्हणून त्याला बारा. भर कमी पडली की कडा उचलली जाते आणि रुमालाची वाटी होते. हीच वाटी मुद्दाम केली की बाळाचं टोपडं. भर जास्त झाली की झालर.

तुमच्या झालरीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. दायना तायमिना या लात्वियाच्या गणितज्ञ बाई अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकवत होत्या. हायपरबोलिक भूमिती म्हणून एक प्रकार आहे. त्यात पृष्ठभाग मधल्या बिंदूपासून दूर जाताना सपाटापेक्षा जास्त वेगाने पसरत जातो. विद्यार्थ्यांना तो हातात घेऊन बघता यावा म्हणून कागदाचे नमुने करत, ते फाटून जायचे. १९९७ साली तायमिनाबाईंनी ते क्रोशाने विणले. केलं काय, तर ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवायचा आणि हा नेम शेवटपर्यंत मोडायचा नाही. तुमच्या रुमालाला जे झालं तेच त्यांनी जाणूनबुजून घडवलं. समुद्रातल्या प्रवाळांच्या चुण्या याच जातीच्या असतात, हे बघून २००५ साली वर्थहाइम आडनावाच्या दोन बहिणींनी लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाचं प्रवाळबेट विणायला घेतलं आणि पुढे कितीतरी शहरांतल्या लोकांनी त्यात आपापले तुकडे घातले. तेव्हा तो रुमाल उसवू नका. ठेवून द्या. नवा दोरा घ्या आणि बारा-बाराने चढवत नवा सुरू करा.

व्हिडिओवरून शिकणाऱ्यांची आणखी एक फसगत होते. अमेरिकन बाई ज्याला 'सिंगल क्रोशे' म्हणते, त्याला इंग्लंडची बाई 'डबल क्रोशे' म्हणते. अमेरिकेचं 'डबल' ते इंग्लंडचं 'ट्रेबल'. दोन व्हिडिओ मिसळले की टोपी कोपराएवढी लांब होते. आपल्याकडचे जुने शब्द मला म्हणूनच आवडतात. वेढा न घेता घातला तो मुका खांब, सुईवर एक वेढा घेऊन घातला तो खांब, दोन वेढ्यांचा तो दोन वेढ्यांचा खांब. नावातच कृती आहे. नमुना लिहून घेताना वहीत हेच शब्द वापरा.

आता तुमच्या कंटाळ्याकडे येते. त्यासाठी क्रोशाचा मूळ स्वभाव बघावा लागेल. दोन सुयांच्या विणकामात, म्हणजे स्वेटरच्या, सुईवर साठ-सत्तर-शंभर टाके एकाच वेळी जिवंत असतात. एक निसटला की खाली शिडी पडत जाते. क्रोशात सुईवर एकच टाका असतो. मागचा प्रत्येक टाका पुरा होऊन, बंद होऊन गेलेला असतो. साठ खांबांची फेरी चालू असली तरी तुमच्या हाती सांभाळायला एकच फासा.

या एका गोष्टीतून क्रोशाची सगळी मजा निघते. एकच टाका आहे म्हणून कुठूनही कुठेही वळता येतं: सरळ, गोल, मागे, मधल्याच भोकातून नवी पाकळी काढून. आधी आराखडा ठरवून बसावं लागत नाही. रुमाल म्हणून सुरू केलेलं बटव्यावर संपलं, असं माझ्या घरात नेहमी होतं. आणि चुकलं तर उसवायला भीती नाही. दोरा ओढा, टपटप टपटप एकेक खांब सुटत जातो, चूक आली की थांबा, फाशात सुई घाला आणि पुढे चला. दोरा तोच, पैसे तेच, गेली ती दहा मिनिटं. शिवणात कात्री चालली की परत नाही, भरतकामात उसवलेल्या जागी कापडाला भोकं दिसतात. क्रोशासारखं माफ करणारं हस्तकाम दुसरं मला माहीत नाही. मोठ्या वयात नवं काही शिकायला बसलेल्या बाईला हे फार लागतं. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच जणींनी कित्येक वर्षांत 'चुकलं तर चुकू दे' हे वाक्य कुणाकडून ऐकलेलं नसतं.

आणि एकच टाका आहे म्हणूनच हे काम माणसांत बसून करता येतं. कुणी हाक मारली, कुकरची शिट्टी झाली, शेजारणीने मध्येच डोळ्यांत पाणी आणलं, तर फासा जरा मोठा ओढून ठेवायचा आणि काम मांडीवर ठेवून तिच्याकडे बघायचं. काही बिघडत नाही. साधी खांबांची वीण हातात बसली की डोळे आणि कान दोन्ही मोकळे होतात. सांगली-मिरज प्रवासात, दवाखान्याच्या बाकावर, मिरजेच्या मैफिलीचं जुनं रेकॉर्डिंग ऐकताना मी विणलंय. पण खरं विणते ती मंगळवारी दुपारी.

सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या व्हरांड्यात दर मंगळवारी तीन ते पाच आम्ही बसतो. कधी सात जणी, कधी अकरा. फी नाही, नाव नोंदवणं नाही. मधे एक ताट भडंगाचं, आणि त्याचा नियम एकच: भडंग चमच्याने खायचं, कारण तेलकट बोट पांढऱ्या दोऱ्याला लागलं की हळदीचा डाग जात नाही. एक कॉलेजची मुलगी जपानी पद्धतीच्या अमिगुरुमी बाहुल्या करते, एक निवृत्त मुख्याध्यापिका सहा महिने एकच शाल विणताहेत, आणि एक ब्याऐंशी वर्षांच्या काकू आहेत ज्यांना आता फारसं दिसत नाही. त्या डावा अंगठा फेरीवरून सरकवत नेतात आणि प्रत्येक खांबाच्या डोक्यावरचा साखळीसारखा उंचवटा मोजतात, ओठ हलवत. चुकला तर अंगठा थांबतो. "इथं एक जास्त झालाय बघ गं," म्हणतात, आणि खरंच झालेला असतो. मी चष्मा लावून मोजते, तरी माझी चूक त्यांच्या अंगठ्याला आधी कळते.

तुम्ही खोलीत बसून व्हिडिओ थांबवत, मागे नेत शिकताय. व्हिडिओ समोरचा हात दाखवतो, पण तुमचा हात बघत नाही. शेजारी बसलेली बाई बघते. दोरा करंगळीला एक वेढा जास्त घेतलात तर काम घट्ट येतं, हे ती तुमच्या मनगटाकडे बघून सांगेल. आणि हात कामात असले की बोलणं वेगळं होतं. समोरासमोर बसून जे विचारता येत नाही ते नजर सुईवर ठेवून विचारता येतं. आमच्या व्हरांड्यात एकीने आपल्या आजाराची गोष्ट पहिल्यांदा सांगितली ती विणता विणता, मान वर न करता. कुणी सुई थांबवली नाही. सगळ्यांनी ऐकलं.

क्रोशे पहिल्यापासून असंच अनेक हातांचं आहे. आयर्लंडमध्ये १८४५ पासून बटाट्याचं पीक गेलं आणि मोठा दुष्काळ पडला, तेव्हा तिथल्या बायकांनी क्रोशाची लेस विणून घरं तगवली. एखादी फक्त गुलाब विणायची, दुसरी फक्त पानं, आणि तिसरी ते सगळं जाळीत जोडायची. आपल्याकडे आंध्रात गोदावरीच्या काठी नरसापूर भागात एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी ही लेस शिकवली, आणि तिथल्या बायका आजही ती करतात. चेन्नईत २०१६ साली ठिकठिकाणच्या बायकांनी पाठवलेले चौकोन जोडून ११,१४८.५ चौरस मीटरचं पांघरूण झालं, गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. चौकोन एकीचा, पांघरूण सगळ्यांचं.

सासूबाईंच्या दीडशे रुपयांबद्दल मी थोडं ठामपणे बोलणार आहे. स्वेटर यंत्रावर विणला जातो, टॉवेल यंत्रावर होतो. विट्याला, इचलकरंजीला मागांचा आवाज आपण ऐकलेला आहे. पण खरं क्रोशे करणारं यंत्र बाजारात नाही. सुई कुठल्याही भोकात, कुठल्याही दिशेने घालून एकेक टाका पुरा करायचा, हे अजून हातच करतो. दुकानात क्रोशासारखी दिसणारी लेस असते, ती यंत्राची असते, पण जवळून बघा: तिच्यात खांबाच्या डोक्यावरची साखळी सापडत नाही. ती सापडली तर तो रुमाल कुठल्यातरी बाईने बसून केलेला आहे. टीपॉयएवढ्या रुमालाला माझ्यासारखीलाही पंधरा-वीस तास लागतात. दीडशे रुपयांतून दोरा, दुकानदार, वाहतूक वजा केलं तर तिच्या तासाला काय उरलं ते सासूबाईंनाच मांडून दाखवा. भांडायला म्हणून नाही. बाजारभाव हा त्या कामाचा भाव नव्हेच, एवढं त्यांच्या लक्षात येईल.

लगेच विकायच्या मागे मात्र लागू नका. मी एकदा एका दुकानाची साठ तोरणांची ऑर्डर घेतली होती. चार महिने तेच एक पान, तेच एक फूल. पैसे निम्मे आले, तेही वर्षाने. पण खरं नुकसान पैशाचं नव्हतं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मला सुई हातात धरवत नव्हती. भेट द्या, घरात वापरा, फार तर एखाददुसरं ओळखीत विका.

तोरणावरून आठवलं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तिथे धोक्याची पातळी ४५ आहे. गावभागातल्या आमच्या जुन्या घरात खालचा मजला बुडाला. पाणी ओसरल्यावर गेलो तेव्हा कपाटाचा खालचा खण उघडेना, लाकूड फुगलेलं. आत आईने १९७८ साली पांढऱ्या सुताने केलेलं तोरण होतं, गाळाने वाळून पापडासारखं कडक झालेलं. चौकटीची वीण: खांब, दोन साखळ्या, खांब, अशी रिकामी घरं आणि खांबांनी भरलेली घरं. आलेख कागदावर चित्र काढून करतात ती. दोन मोर आणि मधे 'सुस्वागतम'. रिठ्याच्या पाण्यात तीन रात्री भिजवलं, न चोळता, फक्त दाबून पाणी काढत. रंग पुन्हा पांढरा नाही झाला, चहासारखा राहिला. एका मोराची मान तुटलेली होती, चार ओळींची.

क्रोशात धागा तुटला तरी सगळं धावत सुटत नाही, भोक तिथल्या तिथे राहतं. म्हणून ते भरता येतं. मंगळवारी ते व्हरांड्यात नेलं. एकीने खालच्या शाबूत ओळीतले फासे टाचणीने धरले, एकीने शाबूत मोरावरून घरं मोजून कागदावर उतरवली, मी विणायला बसले. माझी ओळ आईच्या ओळीशी जुळेना. कडेला दर वेळी जरा फुगायची. त्याच काकूंनी अंगठा फिरवून सांगितलं: "तुझी आई वळताना दोनच साखळ्या घालायची. तू तीन घालतेस." पुस्तकात तीन सांगतात. आईच्या कडा बोर्डपट्टीने आखल्यासारख्या का यायच्या, ते मला ती गेल्यावर अकरा वर्षांनी कळलं, तिच्याच टाक्यांतून. आता मीही वळताना दोन घालते. चार ओळींचा नवा दोरा पांढराशुभ्र आहे, लांबूनही ओळखू येतो. तो रंगवून जुळवायचा मी प्रयत्न केला नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. पहिले काही महिने बारीक दोऱ्याच्या नादी लागू नका. जाडसर सूत आणि चार मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सुई घ्या, रंग फिका. काळ्यात टाके दिसत नाहीत. नंतर १० नंबरचा दोरा आणि दीड मिलिमीटरच्या आसपासची स्टीलची सुई. दोऱ्याचा नंबर वाढतो तसा दोरा बारीक होतो, हे ध्यानात ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्याला सूतच बरं, लोकरीचं काम दिवाळीनंतर काढा. बँकेत दिवसभर कळफलकावर बोटं चालतात तुमची, म्हणून अर्ध्या तासाने सुई ठेवून मनगट मोकळं करा. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर दोन दिवस सुट्टी, हट्ट नको.

चौघी कुठून आणायच्या, हेही विचाराल. बँकेतली एक आणि इमारतीतली एक एवढ्याने सुरुवात होते. आमच्याही पहिल्या दोन वर्षांत तिघीच होतो. दिवस ठरलेला हवा, वेळ ठरलेली हवी, आणि खायचं फार करायचं नाही, नाहीतर ज्या घरी बसायचं तिची दुपार स्वयंपाकघरातच जाते.

आणि तिसरी कदाचित तुमच्या घरातच आहे. सासूबाईंचं लग्न ज्या काळात झालं असेल तेव्हा सांगली-मिरजेकडच्या रुखवतात क्रोशाचं तोरण, ताटावरचे रुमाल, रेडिओवरचं झाकण हे असायचंच. डोळे फोडण्याचा विषय त्यांनी काढलाय तो अनुभवातून काढलेला असू शकतो. त्यांच्या रुखवतात काय काय होतं, एवढंच विचारा. पेटीच्या तळाशी एखादा गोल रुमाल निघाला तर त्याच्या मधल्या कड्यातले खांब मोजा आणि मला कळवा, बारा आहेत की त्यांच्या हाताचा हिशेब काही वेगळाच आहे.